दोन संपादक आणि एक अभंग

माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं हे हॉस्पिटल. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं आधी बैलगाडीनं आणि मग रेल्वेनं तिथं यायची. आजी रुजू झाली तेव्हा वानलेससाहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वॉर्डात त्यांचं नाव रोज निघायचं.

ऊसतोडीच्या हंगामातली एक रात्र ती आम्हाला सांगायची. माणदेशातला एक गाडीवान उसानं भरलेल्या गाडीखाली सापडला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. रात्रपाळीला आजी होती. कॉटशेजारी बसून ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसता पुसता ती स्वतःच्या नादात नारायण वामन टिळकांचा एक अभंग गुणगुणत होती, आम्ही रविवारी देवळात म्हणतो त्या चालीवर. (चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात.) गाडीवानाला शब्द कळत नव्हते, चाल मात्र ओळखीची होती. तो म्हणाला, "बाई, इठ्ठलाचं म्हणताय न्हवं? म्हणा की म्होरलं." आजी थांबली. मग लहानपणी तिच्या आजीकडून कानावर पडलेला विठ्ठलाचा अभंग तिनं म्हटला. अख्खा म्हटला, तीनदा म्हटला. पहाटे तो गेला. आजी खोलीवर आली, आंघोळ केली, गुडघे टेकले आणि बराच वेळ प्रार्थना करत राहिली.

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मी यावर कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, अभंग आणि प्रार्थना तशीच ठेवली. पहिल्यांदा एका ख्रिस्ती मासिकाकडे पाठवली. संपादकांचं पत्र आलं, मायेनं लिहिलेलं. शेवट बदला, म्हणाले. गाडीवानाला शेवटच्या घटकेला तारणारा भेटला पाहिजे. ते जमत नसेल तर निदान अभंग काढा, कारण ख्रिस्ती नर्स विठ्ठलाचं गाणं म्हणते हे आमच्या वाचकांना अडखळण होईल. मग मी ती एका दिवाळी अंकाकडे पाठवली. तिथल्या संपादकांचा फोन आला. अभंगाच्या प्रसंगानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले. पण शेवटची प्रार्थना काढू या, अभंगावरच संपवू या, प्रार्थना आली की कथा एकदम मिशनरी वाटायला लागते.

दोघंही भले लोक. माझा दोघांवरही राग नाही. पण दोघांनाही अर्धीच आजी हवी होती, आणि मला वाटतं, मराठीत ख्रिस्ती माणसानं कथा-कादंबरी लिहिण्याचा सगळा प्रश्न या दोन मागण्यांच्या मध्ये अडकून पडलेला आहे. माझं म्हणणं असं: ख्रिस्ती लेखकाची श्रद्धा त्याच्या गोष्टीच्या शेवटात दिसत नाही, ती त्याच्या पाहण्यात दिसते. आणि जे पाहिलं त्यातलं काहीही, कुणाच्याही भीतीनं, कापून टाकायचं नाही. मग ती भीती मंडळीची असो, नाहीतर बाहेरच्या जगाची.

पहिल्या मागणीबद्दल आधी बोलते, कारण ती घरातली आहे.

आमच्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची रीत आहे. उपासनेत एखादी बाई उभी राहते आणि सांगते: माझा मुलगा आजारी होता, डॉक्टरांनी सांगितलं आता काही खरं नाही, आम्ही उपासप्रार्थना केली, प्रभूनं त्याला उठवलं. असल्या साक्षी ऐकून मी रडले आहे आणि त्यांची थट्टा मला सहन होत नाही. ती बाई आपल्यासमोर उभी असते, तो मुलगा मागच्या बाकावर पाय हलवत बसलेला असतो. तिच्या शब्दाला तिची स्वतःची हमी असते. मात्र हाच साचा उचलून आम्ही कथेत घालतो आणि तिथं तो पोकळ होतो. का? कारण कथेतला मुलगा मीच आजारी पाडलेला असतो. डॉक्टरांना हात टेकायला मीच लावलेलं असतं. आणि शेवटच्या पानावर त्याला उठवून बसवते तीही मीच. यातून देवाच्या सामर्थ्याबद्दल काय सिद्ध झालं? लेखणी माझ्या हातात होती, एवढंच. काल्पनिक चमत्कार हा पुरावा होऊ शकत नाही, आणि तो पुराव्यासारखा मांडणं ही मला अप्रामाणिकपणाची गोष्ट वाटते. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आम्ही संडेस्कूलमध्येच पाठ केलेली असते.

त्यात आणखी एक आहे. ज्यांची मुलं उठली नाहीत त्यांनी या कथा कशा वाचायच्या? आमच्या मंडळीत एक बाई होती. तिची सहा वर्षांची मुलगी मेंदूच्या तापानं गेली. प्रार्थनेत कुणी कसर ठेवली नव्हती. पुढं कितीतरी वर्षं ती उपासनेला यायची, अर्पण टाकायची, प्रभुभोजन घ्यायची. पण मंडळीत वाटलेलं मासिक मात्र बाकावरच ठेवून जायची. एकदा मी विचारलं. ती म्हणाली, "त्यात सगळ्यांचीच पोरं वाचत्यात." त्या बाईला वाचता येईल अशी कथा ज्याला लिहिता येत नाही, त्यानं स्वतःला ख्रिस्ती लेखक म्हणवून घेताना थोडं थांबावं.

मध्यंतरी तरुण संघातल्या मुलांसाठी मी कथालेखनाचा वर्ग घेतला. आठ-दहा मुलं यायची. त्यातल्या एका अठरा वर्षांच्या पोरानं दारुड्या बापावर कथा लिहून आणली. बाप रात्री स्वयंपाकघरात येतो, अंधारात तांदळाचा डबा उघडतो, आईनं लपवलेली नोट शोधत कोपरापर्यंत हात आत घालतो, आणि पलीकडच्या खोलीत मुलाला तांदळाची सळसळ ऐकू येते. ती सळसळ वाचून मी वही खाली ठेवली. इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासले, असं वाक्य क्वचित हाती लागतं. पुढं अर्ध्या पानात पाळकसाहेब घरी येतात, प्रार्थना करतात, बाप बाटली फोडतो, सगळे मिळून गीत गातात. मी विचारलं, "हे असं झालं का रे?" तो खाली बघत म्हणाला, "न्हाई बाई. अजून पितोय." "मग शेवट असा का केलास?" त्याचं उत्तर मी विसरणार नाही. "नाहीतर देवाची बदनामी होईल ना."

अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर देवाची अब्रू राखायचं ओझं कुणी ठेवलं? आम्हीच ठेवलं. देवाचं नाव खाली पडू नये म्हणून आपण खोटं बोलायचं, ही शिकवण वेदीवरून कुणी दिली नसेल, पण आमच्या गोष्टींनी ती दिली. मी त्याला सांगितलं, देवाला तुझ्या संरक्षणाची गरज नाही, तुझ्या आईला मात्र कुणीतरी नीट बघण्याची गरज आहे. पुढच्या आठवड्यात त्यानं नवा शेवट आणला. सकाळी आई सांडलेले तांदूळ वेचते, निवडते आणि पुन्हा डब्यात भरते. एवढंच.

यावर मला हमखास विचारलं जातं: मग यात ख्रिस्ती काय राहिलं? असं तर कुणीही लिहील.

उत्तरासाठी मी पवित्र शास्त्राकडेच जाते. उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. आपण तो धाकट्यावर संपवतो. बाप धावत जातो, मिठी मारतो, अंगठी घालतो, पुष्ट वासरू कापतात. नाताळच्या नाटुकल्यांत इथंच पडदा पडतो. लूकच्या १५ व्या अध्यायात मात्र गोष्ट पुढं चालू राहते. थोरला शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. आणि गोष्ट तिथंच थांबते. थोरला आत गेला का? येशूनं सांगितलेलं नाही. समोर परूशी आणि शास्त्री कुरकुर करत उभे होते, म्हणजे थोरला भाऊच समोर उभा होता, आणि आत जायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं होतं. शेवट गोड करून सांगणारा तिथं असता तर थोरल्याला दोन वाक्यांत पश्चात्ताप करायला लावून जेवायला बसवलं असतं, आणि ऐकणारे सुटले असते.

योनाचं पुस्तकही प्रश्नावर संपतं. निनवे वाचल्याचा राग आलेला संदेष्टा उन्हात बसलेला आहे, आणि देव त्याला विचारतो की उजवं-डावं न कळणारी एवढी माणसं आणि एवढी गुरंढोरं, यांची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. आणि नाथान? दावीद राजानं उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढं घालून मारवलं, त्यानंतर नाथान त्याच्याकडे उपदेश घेऊन गेला नाही. एका गरिबाच्या लाडक्या मेंढीची गोष्ट घेऊन गेला. ती मेंढी त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या उराशी निजायची. गोष्ट ऐकून राजा भडकला, तो मनुष्य मरणास पात्र आहे म्हणाला, आणि मग नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. गोष्ट इतकी खरी होती की राजा त्यात स्वतःला विसरला. मेंढी नीट रंगवली नसती, तर ते शेवटचं वाक्य बोलायला नाथान जिवंत राहिला असता की नाही कुणास ठाऊक.

माझ्या म्हणण्याला इथं एक अडचण आहे आणि ती लपवणं बरं नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ येशूनं शिष्यांना बाजूला घेऊन फोड करून सांगितला आहे. नाथाननंही शेवटी बोट दाखवलंच. म्हणजे गोष्ट सांगून नुसतं गप्प बसावं असा काही शास्त्राचा नियम नाही. शिवाय दाखला म्हणजे कादंबरी नव्हे. येशू कथाकार म्हणून नाव मिळवायला आला नव्हता. हे सगळं मला मान्य आहे. मी एवढंच म्हणते की ज्याला सगळं ठाऊक होतं त्यानं ऐकणाऱ्यावर इतका भरवसा टाकला, तर ज्यांना फार थोडं ठाऊक आहे त्या आपण तेवढा भरवसा टाकायला का घाबरावं?

आपल्या मराठीतच या दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेक जण तिचं नाव घेतात. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. एका नवख्या ख्रिस्ती माणसानं मराठी कादंबरीची सुरुवात विधवांच्या हालांपासून केली याचा मला मनापासून अभिमान आहे. पण वाचताना फरक जाणवतो. जिथं तो लेखक घराघरातली कोंडलेली बाई बघतो, तिथं आजही आपला श्वास अडतो. जिथं पात्रं धर्माच्या बाजूनं युक्तिवाद करायला बसतात, तिथं पानं जड होतात. पुस्तकाच्या हेतूला मी नावं ठेवणार नाही. पाहणं थांबून पटवणं सुरू होतं त्या जागा मात्र बोट ठेवून दाखवता येतात.

आणि मग लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' ही आठवण आहे, कादंबरी नाही, तरी ख्रिस्ती कथालेखकाला तिच्याइतकी चांगली शाळा मला दुसरी माहीत नाही. नवऱ्यानं १८९५ मध्ये धर्म बदलला तेव्हा तिच्यावर आभाळ कोसळलं, आणि ते कोसळणं तिनं झाकलं नाही. पुढं ती स्वतः ख्रिस्ती झाली, पण म्हणून आधीच्या लक्ष्मीला तिनं अज्ञानी ठरवून मोडीत काढलं नाही. सोवळं पाळणारी, रागावणारी, नवऱ्याशी भांडणारी ती बाई तितक्याच मायेनं पानावर उभी केली. टिळकांसारख्या भक्त कवीचा संताप, विसराळूपणा, घरात दाणा नसताना पैसे वाटून टाकणं, सगळं तिनं सांगितलं. वाचून टिळक लहान होत नाहीत, जवळ येतात. धर्मांतराबद्दल लिहूच नये असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं, आणि धर्मांतर म्हणजे एका पानात होणारी गोष्ट समजणाऱ्यांनीही.

पाप किती दाखवावं, हा आमच्या महिला मंडळातला जुना वाद. माझ्या एका कथेत मिरज जंक्शनबाहेरचा ट्रकवाला शिवी देतो. मला फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन दाखवण्यात आलं: जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध, त्यांचं मनन करा. मी त्या बहिणीला म्हटलं, यादीत पहिला शब्द कोणता आहे तो बघ. 'सत्य' पहिला आहे. शास्ते या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचताना माझा हात आजही थरथरतो, इतका तो भयंकर आहे, आणि तो पवित्र शास्त्रातून कुणी काढलेला नाही. पेत्रानं तीनदा नाकारलं ते चारही शुभवर्तमानांत आहे. हवी तितकी शिवीगाळ घाला असं मी म्हणत नाही. शिवी चवीसाठी घातलेली मला आवडत नाही, देहाचा बाजार मांडलेला आवडत नाही. वाचकाच्या मनात घाण सांडायचा मला हक्क नाही. पण पाप इतकं बेचव, इतकं पुठ्ठ्याचं दाखवायचं की कुणालाही त्याचा मोह का पडतो हेच कळू नये, हेही खोटंच. मग कृपाही पुठ्ठ्याचीच होते.

सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचा आणि ना. सी. फडक्यांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद आम्ही वर्गात शिकवत असू, आणि मुलं परीक्षेत ठरल्याप्रमाणे खांडेकरांच्या बाजूनं लिहीत. ख्रिस्ती लेखकाला तर ती बाजू आपलीच वाटते. मलाही वाटते. फक्त मिरजेत राहून एक गोष्ट कळली आहे. इथल्या सतारमेकरांच्या गल्लीत एका कारागिराला मी जवारी काढताना तासभर बघत बसले होते. घोडीवर तार जिथं टेकते तिथला पृष्ठभाग तो कानसेनं घासायचा, तार चढवून वाजवायचा, कान द्यायचा, तार उतरवून पुन्हा घासायचा. केसभर जास्त घासलं की आवाज मरतो. मगरिबची अजान झाली तेव्हा तो उठून नमाजाला गेला, परत आला आणि तीच घोडी पुन्हा हातात घेतली. ती सतार कुणाच्या मैफलीत जाणार, तिच्यावर कुठली वंदना वाजणार, हे त्यानं विचारलं नाही. काम चोख करणं हा त्याच्या इमानाचाच भाग होता. कथेचं वाक्य घासणंही मला तसंच वाटतं. वाईट लिहिलेली भक्तिकथा देवाला चालते असं आपण का धरून चाललो? अर्पणाला डाग नसलेलंच कोकरू आणायचं असतं.

आता एक अवघड गोष्ट. महाराष्ट्रात आम्ही एक टक्क्याहूनही कमी आहोत. एवढ्या थोड्या माणसांना आपलं घर बाहेरच्यांना नेहमी नीटनेटकं दिसावं असं वाटतं, आणि ते मी समजू शकते. पण त्यापायी आमच्या कथांतून आमचे सगळ्यात मोठे प्रश्न गायब आहेत. एका कथेत मी लग्न ठरवण्याचा प्रसंग लिहिला. मुलगा ख्रिस्ती, मुलगी ख्रिस्ती, दोन्ही घरं तिसऱ्या-चौथ्या पिढीची, चहाचे कप हातात, आणि मुलाची मावशी हळूच विचारते, "तुमचं मूळ कुठलं?" गाव नाही विचारत ती. ख्रिस्तात यहूदी नाही व हेल्लेणी नाही हे वचन त्याच भिंतीवर फ्रेम करून लावलेलं. कथा वाचून आमच्यातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "ताई, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? आधीच लोक आपल्यावर टपलेत."

त्यांची भीती खोटी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. त्यामुळे कागदावर एक आणि देवळात दुसरं असं जगणारी घरं आहेत. नावानिशी कुणी हे बोलू शकत नाही. बोललं तर पोराची फी, नोकरी, दाखला सगळं पणाला लागतं. मग हे बोलायची जागा उरते कुठली? कथा. कथेत कुणाचं नाव उघडं पडत नाही आणि दुखणं मात्र पूर्ण उघडं होतं. दर रविवारी सुंदर गाणारी आणि सोमवारी शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यापाशी पेन अडलेली आई, हिच्यावर ख्रिस्ती लेखकानं लिहायचं नाही तर कुणी लिहायचं? बाहेरच्यांनी लिहिलं तर ती त्यांच्या वादातली सोंगटी होईल. आपण लिहिलं तर ती आई राहील.

दुसऱ्या संपादकांच्या मागणीकडे येते. ती अधिक गोड आहे, म्हणून अधिक धोक्याची.

प्रार्थना काढा, म्हणजे काय? गाडीवानाची श्रद्धा मराठी आहे, नर्सची परकी आहे. त्याचा अभंग वाचकाला आपला वाटेल, तिचे टेकलेले गुडघे खटकतील. अशा सूचना इतक्या सौजन्यानं येतात की हळूहळू लेखक स्वतःच कात्री चालवायला लागतो. पात्राचं नाव शलमोनचं सुहास होतं, मार्थाची माधुरी होते. आमच्यात सुहास आणि माधुरी पुष्कळ आहेत, तो प्रश्न नाही. नाव कुणाला चालेल याचा हिशेब करून बदललं, हा प्रश्न आहे. मग जेवणाआधीची प्रार्थना जाते, दफनभूमीतल्या कबरीवर पालापाचोळा झाडणारा बाप जातो, आणि उरतं ते कुणाचंच नसलेलं एक घर.

आमचं घर परकं आहेच कुठं? नाताळला आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात. शेजारच्या देशपांडेकाकू दिवाळीला झाऱ्या मागून न्यायच्या आणि आम्ही नाताळला त्यांचा सोऱ्या आणायचो. दिवाळी उलटली की त्यांच्या दारावरचा चांदणीचा आकाशकंदील आमच्या दारावर चढायचा, तोच, वायरीसकट. टाळ-मृदंगावर भजन आम्ही म्हणतो, ओवीत ख्रिस्तचरित्र मराठीत १६१६ मध्ये छापलं गेलं ते फादर स्टीफन्स यांचं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. चारशे वर्षं या भाषेत प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या प्रार्थना मराठी वाचकाला परक्या वाटतील, हे मला पटत नाही. वाटल्या तर त्याला दोन पानं वाट बघायला लावावी. माणदेशातली बोली शहरी वाचकालाही सुरुवातीला परकीच वाटली होती.

परक्या वाटण्यात आमचाही दोष आहे, तो एक भाषेचा. छापायला बसलो की आमचं मराठी बदलतं. "प्रभूने मला त्याच्या वचनाद्वारे उचलून धरले", "मी अत्यंत आशीर्वादित झाले". घरात असं कुणी बोलत नाही. माझी आजी कधीच आशीर्वादित झाली नाही. ती म्हणायची, "देवानं निभावून नेलं गं." पाव्हणे यायचे असले आणि पीठ संपलेलं असलं की म्हणायची, "बघ बाबा आता तूच", आणि हे ती छताकडे बघून म्हणायची. आमच्या लेखकांनी हे 'बघ बाबा' लिहिलं असतं, तर दुसऱ्या संपादकांना ती प्रार्थना कदाचित मिशनरी वाटली नसती. म्हणून कथा परत आल्यावर मी पहिलं काम ते केलं. प्रार्थना काढली नाही. माझ्या हातून तिच्यात शिरलेलं पुस्तकी मराठी काढलं.

ते काढताना लक्षात आलं की आजीनं त्या पहाटे काय मागितलं हे मला माहीतच नाही. पहिल्या मसुद्यात मी तिच्या तोंडी आठ ओळी घातल्या होत्या, गाडीवानाच्या आत्म्यासाठी, क्षमेसाठी, आणि अभंग म्हटल्याबद्दल काहीशी माफी मागणाऱ्या. त्या आठही ओळी माझ्या होत्या. लहानपणी मी तिला एकदा विचारलं होतं, "तू देवाला काय सांगितलंस?" ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "त्याचं नाव सांगितलं. गाडीवानाचं. त्याच्या माणसांचा पत्ता लागंना, आणखी कोण घेणार त्याचं नाव?"

आता कथेत एवढंच आहे. अभंग आहे, टेकलेले गुडघे आहेत, आणि एक नाव आहे. या दिवाळीसाठी ती पुन्हा पाठवते आहे, दोन्हीकडे.